अर्धा उजेड कुठे गेला? हिमोग्लोबिनचा आकडा येतो कसा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. आकडेमोड मात्र इथे जरा सविस्तर दिली आहे, कारण ऐकताना आकडे निसटून जातात अशी तुमची नेहमीची तक्रार आहे आणि ती खरी आहे.)

आजचा विषय एका श्रोत्या ताईंच्या मेसेजमधून आलाय. त्यांच्या वहिनींना आठवा महिना लागलाय. तालुक्याच्या गावी एका लॅबमध्ये हिमोग्लोबिन तपासलं, ते आलं ११.१. चार दिवसांनी सरकारी दवाखान्यात पुन्हा तपासलं, तिथे आलं १०.४. पहिल्या रिपोर्टनंतर घरात सगळे निवांत झाले होते. दुसऱ्यानंतर डॉक्टरांनी लोहाची गोळी एकाच्या जागी दोन घ्यायला सांगितली. आता सासूबाईंचं म्हणणं असं, की पहिली लॅब चांगली, तिथे एसी आहे आणि मशीनही मोठं आहे. ताईंचा प्रश्न होता, "चार दिवसांत रक्त कमी झालं, की मशीन चुकलं? खरं कुणाचं मानायचं?"

वहिनींच्या बाबतीत खरं काय ते मी इथे बसून सांगू शकत नाही. मी डॉक्टर नाही, रसायनशास्त्राचा माणूस आहे. पण ११.१ आणि १०.४ हे आकडे कुठून येतात ते मात्र मला नक्की सांगता येईल. आणि ते कळलं, की दोन लॅबमध्ये फरक का पडतो हे आपोआप लक्षात येतं.

पहिली गोष्ट अशी, की ते मशीन हिमोग्लोबिन मोजतच नाही. मशीन मोजतं उजेड. एका बाजूला दिवा, मध्ये रक्ताचं पातळ केलेलं द्रावण, दुसऱ्या बाजूला उजेड पकडणारा सेन्सर. सेन्सरपर्यंत किती उजेड पोचला, एवढंच त्याला कळतं. बाकी सगळा हिशेब आपण मागून लावलेला असतो. आणि जो उजेड पोचला नाही तो का पोचला नाही, हे मशीनला अजिबात ठाऊक नसतं. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, आपण फिरून फिरून तिथेच येणार आहोत.

आता कोकम सरबताचा ग्लास घ्या. उंच, काचेचा. बाजूनं बघितलं तर सरबत लालसर, पारदर्शक दिसतं, पलीकडचा माणूस दिसतो. तोच ग्लास वरून बघा. रंग एकदम गडद, तळाला ठेवलेलं नाणं दिसेल न दिसेल. सरबत तेच आहे. फरक एवढाच, की बाजूनं बघताना उजेड सहा-सात सेंटीमीटर सरबतातून येतो आणि वरून बघताना पंधरा. म्हणजे रंगाचा गडदपणा दोन गोष्टींवर ठरतो: आगळ किती घातलंय आणि उजेडाला किती लांब जायचंय.

पण 'किती' गडद? लांबी दुप्पट केली तर उजेड निम्मा होतो का? इथे बहुतेकांची गल्लत होते. समजा सरबताचा एक थर आलेल्या उजेडातला निम्मा उजेड खातो. शंभरातले पन्नास पुढे गेले. दुसरा तसाच थर ठेवला, तर तो आणखी पन्नास खाऊन शून्य करणार नाही. त्याच्या वाट्याला आलेत पन्नास, त्यातले तो निम्मे खाणार. उरले पंचवीस. तिसऱ्यानंतर साडेबारा. प्रत्येक थर ठरावीक उजेड खात नाही, आलेल्या उजेडाचा ठरावीक हिस्सा खातो.

हे पहिल्यांदा नीट मांडलं ते पिएर बूगेर या फ्रेंच माणसानं, १७२९ साली. त्याच्याकडे सेन्सर नव्हता, वीज नव्हती, होत्या त्या मेणबत्त्या आणि स्वतःचे डोळे. त्याला एक छान गोष्ट उमगली होती. डोळ्याला 'हा उजेड त्याच्या किती पट' हे सांगता येत नाही, पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन उजेड सारखे आहेत की नाहीत हे डोळा बऱ्यापैकी सांगतो. मग मेणबत्ती लांब-जवळ करायची, दोन्ही उजेड सारखे दिसेपर्यंत, आणि अंतरावरून हिशेब करायचा. याच युक्तीनं त्यानं सूर्याचा उजेड पौर्णिमेच्या चंद्राच्या सुमारे तीन लाख पट असल्याचं काढलं. आजच्या मापनापासून तो फार लांब नव्हता. पुढे १७६० मध्ये लॅम्बर्टनं हाच नियम गणितात पक्का बसवला आणि १८५२ मध्ये ऑगस्ट बीअरनं रंगीत द्रावणांवर काम करून त्यात तीव्रतेची बाजू आणली. पुस्तकात नाव येतं 'बीअर-लॅम्बर्ट नियम'. ज्यानं सुरुवात केली त्या बूगेरचं नाव बहुतेक वेळा गाळलेलंच असतं. मला ते नेहमी खटकतं, असो.

द्रावणातून पार गेलेल्या उजेडाच्या हिश्शाला म्हणतात पारगमन, लॅबच्या भाषेत ट्रान्समिटन्स. शंभरातले पन्नास पार गेले, तर पारगमन ५० टक्के. पण हा आकडा थेट वापरायला अडचणीचा आहे, कारण तो ५०, २५, १२.५ असा घसरतो. आपल्याला असा आकडा हवा, की रंगद्रव्य दुप्पट झालं की तोही दुप्पट व्हावा. तो मिळतो लॉगरिदममधून. दहाच्या पायानं पारगमनाचा लॉग घ्या, चिन्ह उलटं करा. हा झाला ॲब्सॉर्बन्स, मराठी पुस्तकांत कुठे शोषकता, कुठे अवशोषकता. मी आज ॲब्सॉर्बन्सच म्हणतो, कारण लॅबमध्ये तेच ऐकायला मिळतं. पारगमन ५० टक्के म्हणजे ॲब्सॉर्बन्स ०.३०. २५ टक्के म्हणजे ०.६०. १० टक्के म्हणजे १. एक टक्का म्हणजे २. आता हा आकडा सरळ चालतो. द्रावण दुप्पट तीव्र, तर ॲब्सॉर्बन्स दुप्पट. रस्ता दुप्पट लांब, तरी ॲब्सॉर्बन्स दुप्पट. संपूर्ण पद्धत या सरळ रेषेवर उभी आहे.

आता रक्ताकडे येऊ.

रक्त आहे तसं एक सेंटीमीटर रुंदीच्या क्युव्हेटमध्ये, म्हणजे त्या छोट्या चौकोनी काचनळीत भरलं, तर पलीकडे उजेड जाणारच नाही. म्हणून ते पातळ करावं लागतं. जगभर ज्या पद्धतीला मापदंड मानतात ती सायनमेथहिमोग्लोबिन पद्धत. डीएमएलटी केलेल्या मंडळींना 'ड्रॅबकिन' म्हटलं की लगेच आठवेल. २० मायक्रोलिटर रक्त, म्हणजे जेमतेम एक छोटा थेंब, पाच मिलिलिटर ड्रॅबकिन द्रावणात टाकायचं. रक्त बरोबर २५१ पट पातळ होतं. द्रावणात पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम सायनाइड असतं. लाल पेशी फुटतात, हिमोग्लोबिन बाहेर येतं आणि त्याचे बहुतेक सगळे प्रकार एकाच स्थिर रंगद्रव्यात बदलतात. हे महत्त्वाचं. शिरेतलं रक्त काळपट, धमनीतलं लालभडक. तसंच मोजलं, तर एकाच हिमोग्लोबिनचे दोन आकडे येतील. आधी सगळ्यांना एका रंगाचं करायचं आणि मग मोजायचं.

(सायनाइडचं नाव ऐकून दचकू नका, प्रमाण कमी असतं. पण ते द्रावण ज्या सिंकमध्ये ओतता तिथे ॲसिड ओतू नका, हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. या भीतीपोटीच पुष्कळ नव्या यंत्रांत आता सोडियम लॉरिल सल्फेट वापरतात. हो, तेच, शांपूतलं.)

मग उजेड कुठल्या रंगाचा घ्यायचा? ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे हिरवा. लाल द्रावणासाठी हिरवा उजेड का, असं परीक्षेत हमखास विचारतात. लाल दिसणारी वस्तू लाल उजेड सोडून देते आणि हिरवा खाते, म्हणून तर ती लाल दिसते. लाल उजेड टाकला असता, तर ८ हिमोग्लोबिनचं रक्त आणि १४ चं रक्त, दोन्हींतून जवळपास सगळा उजेड आरपार गेला असता आणि फरक कळलाच नसता. जो रंग खाल्ला जातो, त्याचाच उजेड वापरायचा.

आता जरा आकडेमोड. या रंगद्रव्याची उजेड खाण्याची क्षमता आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरवून ठेवलेली आहे. ती घेतली, २५१ पट पातळ केल्याचा हिशेब धरला, एक सेंटीमीटर क्युव्हेट धरली, की सूत्र इतकं सोपं होतं: ॲब्सॉर्बन्सला ३६.८ नं गुणा, मिळालं हिमोग्लोबिन, ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.

उलट जाऊन बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ११ च्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, ॲनिमिया. ११ भागिले ३६.८, ॲब्सॉर्बन्स आला ०.३०. आणि ०.३० म्हणजे, मघाशी बघितलं तसं, बरोबर निम्मा उजेड.

मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी कागदावर दोनदा करून बघितलं. ड्रॅबकिनच्या क्युव्हेटमधून निम्म्यापेक्षा जास्त हिरवा उजेड आरपार आला, तर ती बाई ॲनिमियात. निम्म्यापेक्षा कमी आला, तर नाही. हा योगायोग आहे, निसर्गानं काही तसं ठरवलेलं नाही. पण हिशेब समजून घ्यायला फार सोयीचा योगायोग आहे.

हिमोग्लोबिन ७ असेल, म्हणजे तीव्र ॲनिमियाची सीमा, तर साधारण ६४.५ टक्के उजेड पार येतो. १४ असेल तर ४१.६ टक्के. (६४.५ टक्क्यांचे ६४.५ टक्के काढून बघा, ४१.६ च येतात. दोन थर!) म्हणजे मृत्यूच्या दारातली बाई आणि ठणठणीत बाई यांच्यात मशीनला दिसणारा फरक आहे शंभरात तेवीस. मग साडेदहा आणि ११ यांच्यात किती असेल? साडेदहाला ५१.८ टक्के, अकराला ५०.२. दीड टक्का.

आता त्या दीड टक्क्याचं काय काय होऊ शकतं बघा. समजा एका गरोदर बाईचं खरं हिमोग्लोबिन साडेदहा आहे. क्युव्हेटवर तंत्रज्ञाच्या बोटाचा ठसा उमटलाय, घामट, तेलकट. त्या ठशानं उजेडाचे दोन टक्के अडवले. पलीकडे ५१.८ ऐवजी ४९.८ टक्के पोचला. मशीन म्हणतं ११.१. रिपोर्टवर नॉर्मल. कुणी खोटं बोललेलं नाही, मशीन बिघडलेलं नाही. एक बोट लागलं.

किंवा असं समजा, रक्त घेताना पिपेटच्या बाहेरच्या बाजूला रक्त चिकटलं आणि पुसलं नाही. एकच मायक्रोलिटर. पण २० मध्ये एक म्हणजे पाच टक्के. साडेदहाचे झाले ११. लॅबमध्ये पिपेटचं टोक टिश्यूनं पुसायला शिकवतात, ते काही टापटिपीसाठी नाही. तो ॲनिमियाच्या रेषेचा अलीकडचा-पलीकडचा मामला आहे.

म्हणूनच आधी 'ब्लँक' लावतात. त्याच क्युव्हेटमध्ये रक्त न घातलेलं नुसतं ड्रॅबकिन भरायचं, मशीनमध्ये ठेवायचं आणि सांगायचं, हा आमचा शंभर टक्के उजेड. काचेच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परत फिरतो, द्रावणाला स्वतःचा फिकट पिवळा रंग असतो, दिवा आज जरा मंद आहे, हे सगळं त्या ब्लँकमध्ये वजा होतं. पण नीट बघा, ब्लँक वजा करतो ते फक्त जे दोन्ही वेळा सारखं आहे तेच. ठसा ब्लँकच्या वेळी नव्हता आणि नमुन्याच्या वेळी आला, तर तो हिमोग्लोबिन म्हणून मोजला जातो. कारण मशीनला ठसा आणि हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. उजेड आला नाही, एवढंच कळतं.

याहून जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे गढूळपणा. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात गाडी चालवली असेल, तर धुकं आणि हेडलाइटचा अनुभव असेलच. धुकं उजेड खात नाही. पाण्याच्या थेंबांना रंगच नाही, ते खाणार काय? ते उजेड इकडेतिकडे विखरून टाकतात. पण समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला त्याचं काय? त्याच्या डोळ्यापर्यंत उजेड पोचला नाही म्हणजे नाही. रक्तात चरबी खूप असेल, तुपकट जेवणानंतर लगेच रक्त घेतलं असेल, किंवा पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या असतील, तर पातळ केलेलं द्रावण दुधाळ राहतं. उजेड विखुरतो, सेन्सर म्हणतो कमी आला, आणि हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा जास्त लागतं. आता बोटाचा ठसा, न पुसलेलं पिपेट आणि हे धुकं एकत्र ठेवून बघा. तिन्ही चुका एकाच दिशेनं जातात. तिन्ही हिमोग्लोबिन वाढवून दाखवतात. म्हणजे आजारी माणूस बरा दिसतो. उलट दिशेच्या चुकाही असतात, बोटाला टोचून ते पिळलं की रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. पण वाढवून दाखवणाऱ्या चुकीची धास्ती मला जास्त वाटते, कारण 'नॉर्मल' रिपोर्ट कुणी पुन्हा तपासून घेत नाही.

चांगल्या लॅबमध्ये यावर उपाय असतात. पांढऱ्या पेशी जास्त असतील, तर द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं स्वच्छ पाणी मोजतात. चरबी असेल, तर त्याच रुग्णाचा प्लाझ्मा त्याच प्रमाणात ड्रॅबकिनमध्ये टाकून त्याचा ब्लँक लावतात. पण त्यासाठी कुणीतरी ती नळी उजेडाकडे धरून डोळ्यांनी बघायला हवी.

इथे माझी स्वतःची एक फजिती सांगतो. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला कलरिमीटरचं प्रॅक्टिकल होतं, पोटॅशियम परमँगनेट घेऊन. वेगवेगळ्या तीव्रतेची पाच द्रावणं करायची, ॲब्सॉर्बन्स घ्यायचा, आलेख काढायचा, सरळ रेषा यायला हवी. मग सरांनी दिलेल्या अनोळखी द्रावणाची तीव्रता त्या रेषेवरून काढायची. माझे पहिले तीन ठिपके सुंदर रेषेत आले. शेवटचे दोन खाली झुकले. नियम म्हणतो सरळ रेषा, म्हणून मी पट्टी ठेवली आणि ते दोन ठिपके थोडे वर सरकवले. सरांनी जर्नल बघितलं आणि विचारलं, "हे शेवटचे दोन ठिपके तुझे की पट्टीचे?" वर्ग हसला. आणि अनोळखी द्रावण नेमकं गडद जांभळं होतं, त्यामुळे त्याचं उत्तर खऱ्यापेक्षा बरंच कमी आलं.

ते झुकलेले ठिपके खरे होते. झालं होतं काय, तर जुन्या कलरिमीटरमध्ये थोडा उजेड असा असतो, की जो द्रावणातून न जाताच किंवा भलत्याच रंगाचा म्हणून सेन्सरवर पडतो. भटका उजेड म्हणू त्याला. समजा तो एक टक्का आहे. द्रावण फिकट असेल, तर पन्नास टक्क्यांत एक टक्का कोण विचारतो. पण खरा ॲब्सॉर्बन्स २ असेल, म्हणजे एकच टक्का उजेड यायला हवा, तर आता येतात जवळजवळ दोन. मशीन दाखवतं १.७०. पंधरा टक्के चूक! आणि द्रावण कितीही गडद करा, तो भटका एक टक्का येतच राहणार, म्हणजे मशीन २ च्या वर जाणारच नाही. आकडा मात्र दिमाखात दाखवत राहणार. म्हणून जुनी मंडळी सांगतात, रीडिंग ०.२ ते ०.८ च्या दरम्यान ठेवा, गडद असेल तर पातळ करा आणि पुन्हा मोजा. मी पट्टी सरकवण्याऐवजी द्रावण दहापट पातळ करायला हवं होतं. ड्रॅबकिनमध्ये २५१ पट का, याचंही उत्तर यातच आहे. तेवढं पातळ केलं, की आठचं रक्त असो की सोळाचं, रीडिंग ०.२ ते ०.४५ च्या सुरक्षित पट्ट्यात बसतं.

खेडोपाडी मात्र वर्षानुवर्षं ड्रॅबकिन नव्हतं, होतं 'साहली'. अजूनही कॉलेजांत शिकवतात. नळीत हायड्रोक्लोरिक ॲसिड, त्यात २० मायक्रोलिटर रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत जायचं, द्रावणाचा तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या कांडीशी जुळेपर्यंत. ही थेट बूगेरची मेणबत्ती आहे! डोळ्याला सारखेपणा कळतो, त्यावर भिस्त. स्वस्त, विजेशिवाय चालणारं, पण खिडकीतला उजेड, बघणाऱ्याचे डोळे, काचेच्या कांडीचा विटलेला रंग, सगळं त्यात येतं. दोन नर्सबाईंचे दोन आकडे येणारच. २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात डिजिटल हिमोग्लोबिनमीटरवर भर दिला तो यासाठी.

त्या डिजिटल यंत्रांतलं हिमोक्यू हे नाव तुम्ही ऐकलं असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, हेच वापरलं होतं. त्याच पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायका ॲनिमियात असल्याचा आकडा आला. या यंत्रात रक्त पातळ करत नाहीत. त्याऐवजी उजेडाचा रस्ताच आखूड करून टाकलाय, क्युव्हेटमधली फट मिलिमीटरच्या साधारण आठव्या भागाएवढी. कोकमाच्या ग्लासऐवजी कोकमाचा पापुद्रा म्हणा. त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे ते उजेड दोनदा मोजतं. एकदा ५७० नॅनोमीटरला, जिथे रंगद्रव्य उजेड खातं. आणि एकदा ८८० ला, जिथे ते जवळपास काहीच खात नाही. मग ८८० ला जो उजेड हरवला, तो कुणी हरवला? धुक्यानं. तेवढा वजा करायचा. उजेड 'का' आला नाही, हे मशीनला कळत नाही हा दोष काही गेलेला नाही. पण दोन वेगळ्या रंगांत तोच प्रश्न विचारून उत्तराच्या जवळ जाता येतं.

हीच युक्ती कोविडमध्ये घराघरात पोचली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आठवतो ना? त्यात ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन दिवे असतात, आणि नमुना म्हणजे तुमचं बोट. आता बोटाचा ब्लँक कसा लावणार? रक्त काढून ठेवलेलं बोट आणणार कुठून? जपानच्या ताकुओ आओयागींना १९७० च्या दशकात सुचलं, की नाडी हाच ब्लँक. प्रत्येक ठोक्याला बोटात थोडं धमनीचं रक्त जास्त येतं, उजेड थोडा कमी होतो. कातडी, हाड, नख, ही मंडळी ठोक्याबरोबर बदलत नाहीत, म्हणून फक्त बदलणारा हिस्सा धरायचा. कल्पना भन्नाटच आहे. तरीही २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं, की ऑक्सिमीटर ठीक सांगतोय पण रक्तातला ऑक्सिजन खरं तर कमी आहे, असं कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. कातडीतलं मेलॅनिनही उजेड खातं, आणि तो सगळाच हिशेबातून वजा होत नाही. पुन्हा तेच. पुन्हा त्याच दिशेनं, आजारी माणूस बरा दिसतो.

तर आता ताईंच्या प्रश्नाकडे. ११.१ की १०.४? दोन्हींत फरक आहे साधारण साडेसहा टक्क्यांचा. अमेरिकेतल्या लॅबसाठीच्या नियमात हिमोग्लोबिनच्या चाचणीत खऱ्या आकड्याच्या सात टक्के इकडे-तिकडे चालत असे, २०२५ पासून ते चार टक्क्यांवर आणलं. तो कडक निकष इथे लावून बघू. समजा वहिनींचं खरं हिमोग्लोबिन १०.७५ आहे. चार टक्के खाली १०.३, चार टक्के वर ११.२. म्हणजे दोन्ही लॅब पास! दोन्ही आपापल्या जागी बरोबर, आणि तरी एकीचा रिपोर्ट नॉर्मल, दुसरीचा ॲनिमिया. त्यात रक्त शिरेतलं होतं की बोटातलं, वहिनी आडव्या होत्या की उभ्या उभ्या रक्त दिलं, यानंही दशांशाचा फरक पडतो. मशीन मोठं असण्याचा आणि एसीचा याच्याशी फारसा संबंध नाही. सासूबाईंना हे कसं सांगायचं ते ताईंनी बघावं.

मी त्यांना एवढंच लिहिलं, की दोन लॅबचे आकडे एकमेकांशी भांडवत बसू नका. गोळ्यांचं डॉक्टरांनी सांगितलंय तसं करा. पुढच्या वेळी एकाच ठिकाणी तपासा, शिरेतलं रक्त द्या, आणि कोणत्या पद्धतीनं मोजलं, कंट्रोल रोज लावता का, हे विचारा. कंट्रोल म्हणजे ज्याचं हिमोग्लोबिन आधीच माहीत आहे असं विकत मिळणारं रक्त. ते मोजून मशीन बरोबर सांगतंय ना, हे रोज सकाळी तपासायचं असतं. या प्रश्नावर चांगला तंत्रज्ञ चिडत नाही, उलट खूश होऊन वही दाखवतो, असा माझा अनुभव आहे.

परवा त्यांचा पुन्हा मेसेज आला. सरकारी दवाखान्यातच, शिरेतलं रक्त, १०.६. तिथल्या ताईंनी कंट्रोलची वही दाखवली म्हणे. गोळ्या दोन चालू आहेत, आणि गोळीवर लगेच चहा घ्यायचा नाही एवढं वहिनींनी ऐकलंय. सासूबाईंचं मत अजून बदललेलं नाही.

पुढच्या भागात दुधातला युरिया कसा पकडतात ते बघू. प्रश्न पाठवत राहा. भेटू.